एका फळाचें कुळवृत्त

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. ज्यांना आपण थोर मानतों त्यांच्या उगमापाशीं जाऊन पाहिलें असतां तेथें बहुधा अपेक्षेहून निराळेंच कांहीं तरी आढळतें, आणि आढळलेलें पचविण्याची शक्ति सर्वांस असतेच असें नाहीं. एवढाच या म्हणीचा व्यावहारिक अर्थ. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें ती शिरसावंद्य मानावयाचें ठरविलें, तर त्यास आपलें दुकान बंद करून स्वस्थ बसावें लागेल. मुळें खणणें आणि कुळें धुंडाळणें हाच मुळीं त्याचा धंदा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत महाराष्ट्रांत घराण्याघराण्यांचे कुलवृत्तान्त प्रसिद्ध करण्याची जी हौस उत्पन्न झाली होती, तिच्यांतून इतिहासास पुष्कळ उपयुक्त साधनें मिळालीं. तसाच आपला मूळपुरुष कोणी तरी पराक्रमी असलाच पाहिजे हा मनुष्यमात्राचा भाबडा हट्टही तिच्यांत दिसून आला. प्रस्तुत लेखांत आम्ही असेंच एक कुळवृत्त वाचकांपुढें मांडणार आहों. फरक इतकाच कीं, हें कुळ मनुष्याचें नसून वनस्पतीचें आहे. ती वनस्पति म्हणजे स्ट्रॉबेरी.

वनस्पतिशास्त्रज्ञ स्ट्रॉबेरीस गुलाबाच्या कुळांत बसवितात. हें कुळ मोठें संपन्न आहे. सफरचंद, नासपती, बदाम, जर्दाळू, पीच हे सर्व तिचे भाऊबंद. त्यांपैकीं बहुतेक वृक्ष होऊन राहिले. ही मात्र जमिनीलगतच वाढली. बेलाप्रमाणें तीन दलांचें पान, पांच पाकळ्यांचें पांढरें फूल, आणि बुडख्यापासून निघून जमिनीवर सरपटत जाणाऱ्या लांब फांद्या. या फांद्यांस पेऱ्यावर मुळें फुटतात व तेथें नवें रोप उभें राहतें. म्हणून माळी बियांच्या भरीस न पडतां या रोपांवरच लागवड करितो. तिच्या फळाविषयीं एक मौज अशी कीं, आपण ज्याला फळ म्हणून खातों तें शास्त्रदृष्ट्या फळ नव्हेच. काजूचें बोंड म्हणजे जसा फुगलेला देंठ, आणि खरें फळ त्याच्या टोंकाशीं लोंबणारी बी, तसाच प्रकार येथेंही आहे. स्ट्रॉबेरीचा तांबडा गर म्हणजे फुलाचें फुगलेलें आसन होय, आणि अंगावर टोंचल्यासारखे जे पिवळसर कण दिसतात, तींच तिचीं खरीं फळें. त्या कणांची गर्भधारणा झाली तरच भोंवतालचा गर फुगतो. नाहीं तर फूल सुकून जातें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व कथेची किल्ली तींतच आहे.

युरोपच्या रानांत स्ट्रॉबेरी फार प्राचीन काळापासून आहे. व्हर्जिल आणि ओव्हिड या रोमन कवींच्या काव्यांत ती वेंचणारीं माणसें भेटतात. चौदाव्या शतकांत ती रानांतून बागेंत आली. फ्रान्सचा राजा पांचवा चार्लस यानें १३६८ सालीं लूव्हरच्या राजोद्यानांत तिचीं बाराशें रोपें लावविल्याचा उल्लेख सांपडतो. राजानें मनावर घेतल्यावर सरदारांनीं घेतलें, सरदारांचें पाहून श्रीमंतांनीं घेतलें. परंतु ही रानटी स्ट्रॉबेरी मोठी हट्टी. सुवास अप्रतिम, पण आकार करवंदाएवढा. शेंकडों वर्षें तिला उत्तम माती मिळाली, खत मिळालें, राजाश्रय मिळाला. तरी ती आपल्या मापाबाहेर कांहीं वाढेना. एखाद्याच्या अंगांत मुळांतच जें नाहीं, तें केवळ चांगल्या परिस्थितीनें आणतां येत नाहीं, हें शिक्षकाच्या धंद्यांत आयुष्य घालविणाऱ्या आमच्यासारख्यांस निराळें सांगावयास नको.

आज जगभर खाल्ली जाणारी मोठी स्ट्रॉबेरी ही या युरोपीय रानफळाची सुधारलेली आवृत्ति आहे, असा सामान्य समज आहे. इंग्रजी मलई आणि स्ट्रॉबेरी यांची सांगड इतकी पक्की बसली आहे कीं, फळाचें गोत्र इंग्रज नाहीं हें कोणाच्या मनांतही येत नाहीं. वस्तुतः तिचीं मातापितरें दोन्ही अमेरिका खंडांतलीं. एक उत्तरेचें, एक दक्षिणेचें. आणि त्यांची गांठ पडली ती दोघांनाही परक्या असलेल्या युरोपच्या भूमींत. आपण आधीं पितृकुळ पाहूं.

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागांत जी स्ट्रॉबेरी उगवते, तिला तेथील एका इंग्रज वसाहतीवरून 'व्हर्जिनियाची' असें म्हणतात. फळ लहानच, परंतु लालभडक, रसाळ आणि अत्यंत सुगंधी. तेथील मूळ रहिवासी तिचा मोठा उपयोग करीत. रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकानें १६४३ सालीं त्या लोकांच्या भाषेविषयीं जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत ते लोक हीं फळें उखळांत कांडून पिठांत मिसळतात व त्यांची भाकरी करितात, असें नमूद केलें आहे. सतराव्या शतकांत ही जात युरोपांत पोंचली व बागांच्या कोपऱ्यांत शे-सव्वाशें वर्षें निमूटपणें राहिली. तिचा कोणी फारसा गौरव केला नाहीं.

मातृकुळ याहून पुष्कळ मोठें. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर चिली देश आहे. तेथील मापुचे लोक व त्यांचे उत्तरेकडील भाऊबंद पिकुंचे यांनीं आपल्या किनाऱ्यावरील रानटी स्ट्रॉबेरी हजार वर्षांहून अधिक काळ जोपासली होती. ज्या रोपास मोठें फळ येईल तें राखावयाचें, त्याच्याच फांद्या पुढें लावावयाच्या, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. परिणाम असा झाला कीं, युरोपच्या राजांस जें साधलें नाहीं तें या अक्षरशून्य शेतकऱ्यांस साधलें. त्यांचें फळ अक्रोडाएवढें होई. रंग पांढुरका, किंचित् तांबूस झांक असलेला. तें ते ताजें खात, वाळवून ठेवीत, आणि आंबवून त्याचें पेय करीत. रानटी जातीस एक नांव व लागवडीच्या जातीस दुसरें नांव, असा त्यांच्या भाषेंत भेद होता. भाषेनें असा भेद जेथें केला, तेथें लागवड जुनी व विचारपूर्वक असली पाहिजे, हें इतिहासाच्या अभ्यासकास पटण्यासारखें प्रमाण आहे.

सोळाव्या शतकाच्या मध्यास स्पॅनिश लोक चिलींत उतरले. सोन्याचांदीच्या आशेनें आलेल्या या जेत्यांनीं फळाला 'फ्रुतिया' म्हणजे 'छोटें फळ' असें नांव ठेवून त्याची गोडी घेतली. उत्तरेकडील पिकुंचे त्यांच्या अमलाखालीं गेले. परंतु मापुचे लोकांनीं दाद दिली नाहीं. बिओबिओ नदी ही दोहोंमधली सरहद्द होऊन बसली, आणि १६४१ च्या तहांत स्पेनला तिच्या दक्षिणेचें त्यांचें स्वातंत्र्य मान्य करावें लागलें. नवख्या घोडदळाशीं टक्कर देत शंभर वर्षें झुंजणारे हे लोक घरीं परतल्यावर स्ट्रॉबेरीचे ताटवे खुरपीत, ही कल्पना मोठी हृद्य आहे. लढवय्या आणि माळी हीं दोन माणसें निराळीं असलींच पाहिजेत, असा कांहीं नियम नाहीं. आपल्याकडीलही शेतकरी पेरण्या आटोपून मोहिमेवर जात असे.

आतां या कथेंत एक गुप्त हेर प्रवेश करितो. त्याचें नांव आमेदे फ्रांस्वा फ्रेझिए. जन्म १६८२, गांव शांबेरी, धंदा लष्करी स्थापत्य. त्याच्या घराण्याचाही एक कुलवृत्तान्त आहे, आणि तो ऐकण्यासारखा आहे. फ्रेंच भाषेंत स्ट्रॉबेरीस 'फ्रेझ' म्हणतात. ९१६ सालीं फ्रेझिएच्या एका पूर्वजानें राजास पिकल्या स्ट्रॉबेरीचें ताट अर्पण केलें, आणि संतुष्ट होऊन राजानें त्यास हें आडनांव दिलें, अशी त्या घराण्याची दंतकथा. कुळकथांवर विश्वास ठेवण्याची आमची संवय नाहीं. परंतु ज्याच्या आडनांवांतच स्ट्रॉबेरी होती, त्याच्याच हातून ती जगास मिळावी, हा योगायोग तरी खराच आहे.

त्या वेळीं युरोपांत स्पेनच्या गादीवरून मोठें युद्ध पेटलें होतें, आणि चौदाव्या लुईचा नातू त्या गादीवर बसला होता. स्पेनच्या दक्षिण अमेरिकेंतील बंदरांची, किल्ल्यांची व तोफांची नक्की माहिती आपणांस असावी, असें लुईस वाटलें. मित्राच्या घराचीही भिंत किती जाड आहे हें पाहून ठेवणें ही राजनीति त्या काळीं नवी नव्हती व पुढेंही जुनी झाली नाहीं. जानेवारी १७१२ मध्यें फ्रेझिए सें-मालो बंदरांतून निघाला. वरकरणी तो व्यापारी होता. किल्ले पाहण्याची हौस असलेला प्रवासी, एवढेंच सोंग. चिली व पेरू यांच्या किनाऱ्यावर त्यानें तटबंदीचे नकाशे काढले, खाणींची माहिती मिळविली, लोकांच्या चालीरीति टिपल्या. कोन्सेप्सिऑन हें शहर बिओबिओच्या मुखाजवळ, म्हणजे मापुचे मुलखाच्या उंबरठ्यावर. तेथें त्यानें शेतेंच्या शेतें स्ट्रॉबेरीचीं पाहिलीं. फळें अक्रोडाएवढीं, क्वचित् कोंबडीच्या अंड्याएवढीं, असें त्यानें आपल्या प्रवासवर्णनांत लिहून ठेवलें आहे. तें पुस्तक १७१६ सालीं प्रसिद्ध झालें.

फ्रेब्रुवारी १७१४ मध्यें परत निघतांना त्यानें कांहीं रोपें बरोबर घेतलीं. प्रवास सहा महिन्यांचा, आणि मार्ग उष्ण कटिबंधांतून. गलबतावर पिण्याच्या पाण्याचा तुटवडा. माणसांनाच पाणी मोजून मिळे, तेथें झाडांस कोण देणार? जहाजावरील मालाच्या अधिकाऱ्यानें या रोपांसाठीं पाणी सोडलें, म्हणूनच तीं जगलीं. ऑगस्ट १७१४ मध्यें मार्सेल्सला उतरतांना पांच रोपें जिवंत होतीं. त्यांतलीं दोन त्या अधिकाऱ्यास पाण्याच्या मोबदल्यांत मिळालीं; एक पॅरिसच्या राजोद्यानांत आंत्वान द जुस्यू या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे गेलें; एक फ्रेझिएच्या खात्याच्या मुख्याकडे गेलें; आणि एक त्यानें स्वतःपाशीं ठेवलें. किल्ल्यांच्या ज्या नकाशांसाठीं राजाचा पैसा खर्च झाला, त्यांचा उपयोग काय झाला हें आज फक्त तज्ज्ञांस ठाऊक. लक्षांत राहिलीं तीं हीं पांच रोपें.

परंतु त्यांनीं आरंभीं सर्वांची निराशाच केली. रोपें जोमानें वाढलीं, त्यांना फुटवे फुटले, बागेबागेंत पोंचलीं. १७२७ सालीं हॉलंडमधून तीं इंग्लंडांत फिलिप मिलर या नामांकित उद्यानपंडिताच्या हातीं आलीं. फुलेंही येत. पण फळ धरेना. कोणी हवेस दोष दिला, कोणी मातीस, कोणी माळ्याच्या आळसास. सुमारें पन्नास वर्षें विद्वान् लोक या वांझपणाचें कारण शोधीत होते.

कारण साधें होतें आणि तितकेंच बोधप्रद. चिलीच्या या जातींत नर व मादी अशीं झाडें बहुधा निरनिराळीं असतात. नरझाडास फुलें येतात, पराग येतो, पण फळ येत नाहीं. फ्रेझिएनें रोपें निवडतांना काय केलें असेल? ज्यांना उत्तम, टपोरीं फळें लागलीं होतीं तींच घेतलीं; निष्फळ दिसणारीं झाडें कोण कशास घेईल? त्यामुळें युरोपांत पोंचलेलें सारें बीजकुळ केवळ मादींचें होतें. पुढें फांद्यांपासूनच लागवड झाल्यामुळें लेकीही तशाच. उत्तम तेवढें निवडावें आणि निरुपयोगी तेवढें टाकावें, हा नियम शहाणपणाचा वाटतो. परंतु निरुपयोगी कोणतें हें ठरविण्याइतकें ज्ञान निवडणाराजवळ नसेल, तर त्याच्या हातून उत्तमाचाच वंश खुंटतो. शिक्षणसंस्था, साहित्य, राज्य, यांपैकीं कोणत्या क्षेत्रांत हा प्रकार घडत नाहीं, हें वाचकांनींच मनाशीं ठरवावें.

ही गांठ प्रथम सुटली ती विद्वानांच्या बागेंत नव्हे. फ्रान्सच्या वायव्य टोंकास ब्रिटनी प्रांत आहे. त्यांत ब्रेस्त बंदराजवळ प्लुगास्तेल नांवाचें एक खेडें आहे. तेथील हवा चिलीच्या किनाऱ्यासारखी दमट आणि सौम्य. फ्रेझिए स्वतः पुढें ब्रिटनीच्या तटबंदीचा अधिकारी होऊन ब्रेस्तला राहिला व तेथेंच १७७३ सालीं नव्वदी ओलांडून वारला. त्या भागांतील शेतकऱ्यांच्या अनुभवास आलें कीं, चिलीच्या झाडांमधून मधून दुसऱ्या जातीचीं, विशेषतः व्हर्जिनियाचीं, झाडें लावलीं म्हणजे चिलीस भरपूर फळ येतें. असें कां होतें हें त्यांना सांगतां आलें नसतें. पराग, पुंकेसर, स्त्रीकेसर हे शब्द त्यांनीं ऐकलेले नव्हते. त्यांनीं पाहिलें, करून पाहिलें, आणि गुण आला तें चालू ठेवलें. शास्त्र याहून निराळें काय करितें? त्याला फक्त कारण सांगतां येतें. आणि तें सांगण्यास बहुतेक वेळां उशीर होतो.

कारण सांगणारा भेटला तो एक पोरसवदा मुलगा. आंत्वान निकोला द्युशेन याचा जन्म १७४७ सालीं व्हर्सायला झाला. बाप राजाच्या इमारतखात्यांत होता, त्यामुळें राजोद्यानांत मुलाला मुक्तद्वार. दुसऱ्या एका युरोपीय स्ट्रॉबेरीमध्यें माळी लोक 'वांझ' म्हणून कांहीं झाडें उपटून टाकीत, तीं वस्तुतः नरझाडें आहेत, हें त्याच्या लक्षांत आलें. मग त्यानें चिलीच्या मादीजवळ हा नर ठेवला. ६ जुलै १७६४ रोजीं मोठमोठ्या फळांनीं लहडलेली चिलीची कुंडी त्यानें पंधराव्या लुईस नजर केली. त्या वेळीं त्याला सतरावें वर्षही पुरें झालेलें नव्हतें. राजानें प्रसन्न होऊन युरोपांत मिळतील तितक्या स्ट्रॉबेरी त्रियानोंच्या बागेंत जमा करण्याची त्यास मोकळीक दिली, आणि दोनच वर्षांनीं, १७६६ सालीं, त्याचा स्ट्रॉबेरीच्या निसर्गेतिहासाचा ग्रंथ बाहेर पडला.

त्या सुमारास बागांत एक नवीच स्ट्रॉबेरी दिसूं लागली होती: फळ चिलीप्रमाणें मोठें, रंग व रस व्हर्जिनियाचा, आणि वास अननसाचा. ही कोठून आली याविषयीं तर्कवितर्क चालू होते. कोणी ती एका वसाहतींतून आली म्हणे, कोणी दुसरींतून. द्युशेननें ओळखलें कीं, ती कोणत्याच वसाहतींतून आलेली नाहीं. ती येथेंच, युरोपच्या बागांत, चिलीची माता आणि व्हर्जिनियाचा पिता यांपासून जन्मली आहे. दोन खंडांत हजारों मैलांच्या अंतरावर वाढलेलीं हीं कुळें एकमेकांचें नांवही न जाणतां परक्या देशांत शेजारीं लावलीं गेलीं, आणि मधमाश्यांनीं त्यांचें लग्न लावून दिलें. आजची आपली स्ट्रॉबेरी ती हीच.

द्युशेनचें महत्त्व एवढ्यानेंच संपत नाहीं. रानटी स्ट्रॉबेरीचें बी पेरलें असतां त्यांतून त्यास एक चमत्कारिक रोप मिळालें: पानांस तीन दलें असावयाचीं तीं एकच. त्याच्या बियांपासूनही एकदली रोपेंच आलीं. मग ही नवी जाति म्हणावयाची कीं काय? लिनीयसच्या तत्कालीन शास्त्रास हा प्रश्न मोठा अडचणीचा होता. कारण सर्व जाति सृष्टीच्या आरंभीं एकदांच निर्माण झाल्या, त्यांत भर पडत नाहीं, असा पक्का समज होता. लिनीयसनें या रोपाची स्वतंत्र जाति म्हणून नोंद केली. परंतु ज्याच्या डोळ्यांदेखत तें जन्मलें त्या द्युशेनला वाटलें कीं, नुसत्या पेट्या पाडून त्यांत झाडें भरण्यापेक्षां त्यांची वंशावळ लावावी; कोण कोणापासून झालें हें पाहावें; निसर्गानें स्वतः दाखविलेली व्यवस्था हीच. आणि त्यानें आपल्या ग्रंथांत स्ट्रॉबेरीच्या निरनिराळ्या प्रकारांची वंशावळ काढून दाखविली. डार्विनचा सुप्रसिद्ध ग्रंथ १८५९ सालचा. म्हणजे या मुलाच्या नंतर ब्याण्णव-त्र्याण्णव वर्षांचा. द्युशेन डार्विन होता असें आम्ही म्हणत नाहीं; त्यानें संपूर्ण सिद्धान्त मांडला नाहीं. परंतु सृष्टीलाही कुळवृत्त आहे ही दृष्टि त्याला स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत सांपडली, हें खास.

दोन निराळ्या जातींचा हा संकर फळला कसा, याचा उलगडा पुढें विसाव्या शतकांत झाला. प्रत्येक जातीच्या पेशींत गुणसूत्रांची संख्या ठरलेली असते. युरोपच्या रानटी स्ट्रॉबेरीची संख्या १४, द्युशेननें वापरलेल्या नराच्या जातीची ४२, आणि व्हर्जिनिया व चिली या दोहोंची ५६. म्हणजे या दोघांची पत्रिका पहिल्यापासून जुळत होती, आणि संतति सुदृढ व फलवती निघाली. युरोपच्या रानफळाचा मात्र या घराण्याच्या रक्ताशीं संबंधच आला नाहीं. ज्याला जग मूळपुरुष समजत होतें, तो केवळ शेजारी निघाला!

यापुढील इतिहास भरभराटीचा आहे, आणि भरभराटीचा इतिहास थोडक्यांत सांगितलेला बरा. प्लुगास्तेलच्या शेतकऱ्यांनीं एकोणिसाव्या शतकांत जहाजें भरभरून स्ट्रॉबेरी इंग्लंडला पाठविली. इंग्लंडांत थॉमस अँड्र्यू नाइटनें बुद्धिपुरस्सर संकराचे प्रयोग केले. लंडनजवळील आयलवर्थचा बाजारमाळी मायकेल कीन्स यानें १८२१ च्या सुमारास जी जात पुढें आणली, तिनें सर्वांवर मात केली. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या चार्लस होव्ही यानें १८३० नंतरच्या दशकांत आपली जात काढली. म्हणजे जें फळ अमेरिकेंतून गेलें तें युरोपांत संस्कार घेऊन माहेरीं परत आलें.

पण नवल असें कीं, द्युशेननें सांगितलेली नरमादीची गोष्ट तोंवर लोक विसरलेही होते. सिन्सिनॅटी शहरांतील निकोलस लाँगवर्थ या धनिक बागाइतदारास आपल्या वाफ्यांत फळ कां येत नाहीं तें कळेना. शेजारच्या एका माळ्यास मात्र चौपट पीक येई. अखेर त्या माळ्याचा लहान मुलगा सहज बोलून गेला कीं, तुमचीं झाडें तर सगळीं नर आहेत! यावर अमेरिकेंतील उद्यानपंडितांत पुढें कित्येक वर्षें लेखणीयुद्ध माजलें. एकदां मिळविलेलें ज्ञान कायमचें आपलें झालें, असें समाजानें कधींच समजूं नये. तें प्रत्येक पिढीस पुन्हा लावावें लागतें. नाहीं तर वाफा तणानें भरतो. पुढें एकाच फुलांत दोन्ही केसर असलेल्या जाति निवडल्या गेल्या, आणि हा वाद आपोआप मिटला.

आमच्या महाराष्ट्रास या कुळाची ओळख झाली ती महाबळेश्वरीं. सर जॉन माल्कमनें १८२८-२९ मध्यें तेथें थंड हवेचें ठाणें वसविलें, आणि साताऱ्याच्या छत्रपति प्रतापसिंहांकडून तो मुलूख बदला करून घेतला. साडेचार हजार फुटांवरची ही थंड पठारें पाहून साहेब लोकांस आपल्या देशाच्या भाज्या आठवल्या. त्या काळीं तेथें चिनी व मलायी कैद्यांचा एक तुरुंग होता. तो १८६४ पर्यंत चालला. बटाटे व इतर विलायती भाजीपाला पिकविण्यास या कैद्यांचे हात मोठ्या उपयोगी पडले. समुद्रापलीकडून शिक्षा भोगण्यास आणलेलीं हीं माणसें सह्याद्रीच्या माथ्यावर दुसऱ्याच एका समुद्रापलीकडच्या भाज्या लावीत होतीं. त्यांच्यांतील एकाचेंही नांव आज पर्यटकास कोणी सांगत नाहीं. ठिकाणांचीं नांवें गव्हर्नरांचीं व त्यांच्या मडमांचीं आहेत. इंग्रजी अमलांतच स्ट्रॉबेरीही या पठारावर आली. पुढें ती साहेबाच्या ताटांतून उतरून कुणब्याच्या शेतांत स्थिरावली, आणि आज महाबळेश्वर-पांचगणीचा टापू हें देशांतील तिचें प्रमुख आगर आहे. २०१० सालीं महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस भौगोलिक उपदर्शनाचा सन्मान मिळाला. पांचगणीजवळचें भिलार हें स्ट्रॉबेरीचें गांव २०१७ पासून पुस्तकांचेंही गांव झालें आहे. ग्रंथ आणि फळ एकाच अंगणांत मिळण्याचें भाग्य आम्हां वाचणाऱ्यांस याहून अधिक कोठें लाभणार?

येथील लागवडीची रीत मात्र कथेच्या मूळ सूत्राशीं येऊन मिळते. महाबळेश्वरचा पाऊस असा कीं, त्यांत हें नाजूक पीक टिकणें कठीण. म्हणून परदेशांतून, मुख्यतः कॅलिफोर्नियाकडून, मातृरोपें आणावयाचीं, वाईच्या बाजूस रोपवाटिकांत त्यांचे फुटवे वाढवावयाचे, आणि पाऊस सरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरांत तीं शेतांत लावावयाचीं. थंडींत फळ सुरू होतें तें उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतें. ज्या जातींच्या नांवांवर येथील शेतकऱ्याचा संसार चालतो त्या, म्हणजे चँडलर, कॅमारोसा, स्वीट चार्ली, विंटर डॉन, ह्या कॅलिफोर्निया व फ्लॉरिडा येथील विद्यापीठांनीं तयार केलेल्या. विद्यापीठाचा त्यावर हक्क असतो. नांव, साल, संशोधक, सर्व नोंदलेलें असतें. हें न्याय्यच आहे. ज्यानें दहा वर्षें राबून एक जात काढली, त्याला तिचें श्रेय मिळालेंच पाहिजे.

परंतु मग ज्यांनीं हजार वर्षें राबून फळ करवंदाएवढ्याचें अक्रोडाएवढें केलें, त्यांचें काय? कीन्सच्या नांवाची जात आहे, होव्हीच्या नांवाची आहे. फ्रेझिएचें नांव तर प्रत्येक इतिहासांत आहे. मापुचे माळ्यांपैकीं एकाचेंही नांव कोणास ठाऊक नाहीं. शास्त्रीय नांवांतील 'चिलीची' एवढें एक विशेषण ही त्यांची सारी नोंद. स्पेनला जे नमले नाहींत त्यांचा मुलूख १८६१ ते १८८३ या काळांत स्वतंत्र चिलीच्या सैन्यानें जिंकून घेतला. आणि ज्या शेतांनीं सबंध जगास हें फळ दिलें, त्यांचाही विस्तार आटत गेला. जुनी पांढरी स्ट्रॉबेरी आज नाहुएल्बूता पर्वतराजीच्या आसपास, पुरेन व कोंतुल्मो या गांवांकडे, लहान लहान तुकड्यांवर कांहीं कुटुंबें टिकवून आहेत. तिच्या लेकीनें सारें जग व्यापलें. आई मात्र माहेरच्या एका कोनाड्यांत उरली आहे.

हा प्रश्न केवळ कृतज्ञतेचा नाहीं, व्यवहाराचाही आहे. आजची सारी लागवड फार थोड्या पूर्वजांपासून निघालेली आहे. फ्रेझिएच्या पांच रोपांपासून ती परंपरा सुरू झाली. उद्यां एखादा नवा रोग आला, हवा पालटली, तर नव्या गुणांसाठीं माळ्यास पुन्हा त्या जुन्या कुळाकडेच जावें लागेल. तेव्हां तें कुळ शिल्लक असलें पाहिजे. आणि तें राहील कीं नाहीं हें कॅलिफोर्नियाच्या प्रयोगशाळेंत ठरणार नाहीं. पुरेनच्या एखाद्या डोंगरउतारावर, बाजारांत कमी भाव मिळत असतांही आजीनें लावलेला ताटवा मोडावयाचा नाहीं, असें जें कुटुंब ठरवील, त्याच्या अंगणांत ठरेल.

तात्पर्य, कुळाचा शोध घेऊं नये ही म्हण आम्हांस येथें तरी मान्य होण्यासारखी नाहीं. या फळाचें कुळ शोधतां शोधतां कोणाची प्रतिष्ठा कमी झाली असें नाहीं. उलट ज्यांची कधीं नोंदच झाली नव्हती अशीं पुष्कळ माणसें दृष्टीस पडलीं: बिओबिओकांठचे माळी, पाण्याचा वांटा देणारा जहाजावरील अधिकारी, प्लुगास्तेलचे शेतकरी, महाबळेश्वरचे कैदी. शुद्ध वंशाचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं हेंही पाहावें कीं, ज्या कुळास राजाश्रयांत शुद्ध राखलें तें चारशें वर्षें जागचें हाललें नाहीं, आणि दोन परकीयांच्या अनपेक्षित संगमानें जें झालें तें जगाच्या बाजारांत मान्य झालें. येत्या हिवाळ्यांत वाचक महाबळेश्वरच्या वाटेवर टोपली विकत घेतील, तेव्हां देंठ खुडण्यापूर्वीं त्या पिवळसर कणांकडे एकदां पाहावें. प्रत्येक कण एक स्वतंत्र फळ आहे, आणि त्यांतला एक जरी वांझ राहिला तरी तेवढ्यापुरता गर खुरटतो.